कवळीच्या पोटातली वात

या मित्रांनो, सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, माझा आवाज लहान आहे. कीर्तनाला बसतात तसे गुडघ्याला गुडघा लावून बसा. एका चांगल्या माणसाची कथा सांगते. ती सांगायला मला फार उशीर झाला आहे.

मी एक जुनी कवळी आहे. अख्खी बत्तीशी नव्हे. खालच्या जबड्यात डावीकडे तीन दाढा, उजवीकडे तीन, आणि दोन्हींना जोडणारी जिभेखालची बारीक पट्टी, एवढीच मी. आता मी वीणेच्या जुन्या तारांच्या डबीत पडून असते.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरात रऊफभाऊच्या खोलीत झाला. दात बनवणं हा त्याचा धंदा. प्लास्टरच्या साच्यावर त्याने मेणात माझ्या दाढा बसवल्या, मला गरम पाण्यात शिजवलं आणि गालाला टोचू नये म्हणून कितीतरी वेळ घासलं. घासताना तो माझ्याशी बोलायचा, "तुले कीर्तनकार बाईच्या तोंडात जायचं आहे. नीट राह्य."

त्या बाई म्हणजे तानुबाई. बार्शीटाकळीजवळच्या गावातल्या, साठी ओलांडलेल्या. त्यांच्या मागच्या दाढा पडल्या होत्या. गाल आत गेले होते आणि शब्दातली हवा बाजूने निसटायची. आधीची कवळी घास चावताना शेपटी उचलायची, कारण तिला मागे धरायला दातच नव्हता. म्हणून अकोल्याच्या दाताच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनी तानुबाईंच्या हाडात मागे दोन बारीक स्क्रू बसवले. जाडी काडेपेटीतल्या काडीएवढी, आणि वर मोहरीएवढं गोल डोकं. माझ्या पोटात त्या डोक्यांसाठी दोन वाट्या, आणि वाट्यांत रबराच्या कड्या. मी तोंडात गेले, टच्च आवाज झाला आणि मी घट्ट बसले.

त्या दिवशी रऊफभाऊ स्वतः दवाखान्यात आला होता. भिंतीशी डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "माय, हरी म्हणा." तानुबाई म्हणाल्या. "आता सत्य म्हणा." त्या म्हणाल्या, पण 'स' जरासा फसकला. त्याने मला काढून जिभेच्या बाजूने भाताच्या शितापेक्षाही कमी घासलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा घासलं. चौथ्यांदा घासल्यावर 'सत्य' असं निघालं, की डॉक्टरताईंनी हातातलं काम थांबवून वर पाहिलं.

"बसलं," रऊफभाऊ म्हणाला.

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा. मला तो विसरता येत नाही.

निघताना डॉक्टरताईंनी बजावलं, "आजी, झोपताना काढून ठेवायची. स्क्रूची डोकी मऊ ब्रशने रोज घासायची. आणि रबराची कडी झिजते. सैल वाटली की इकडे या, पाच मिनिटांचं काम आहे."

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष. तसं बाहेर काही सोन्याचं नव्हतं. पाऊस पाठ फिरवून गेलेला, कपाशीची बोंडं झाडावरच करपलेली, माणसं घुमी झालेली. पण सप्ताहाच्या मांडवात तानुबाई नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या, की तीच माणसं मान वर करायची. त्या म्हणायच्या, "अरे, जीव राखा. देवानं देल्ली वस्तू त्यानं वापस मांगेपर्यंत आपण फेकाची नाही." एखादा बाप्या उपरण्याने डोळे पुसायचा. मला वाटायचं, हे माझ्यामुळे. शब्द माझ्या अंगावरून जातो म्हणून तो शुद्ध होतो. गर्व असा शिरतो बघा.

मग कड्या झिजल्या. एका सप्ताहाच्या चौथ्या दिवशी, गजर ऐन रंगात आला असताना, मी उचलले गेले आणि टक्क वाजले. पुन्हा वाजले. पुढच्या रांगेतली पोरं तोंडावर हात ठेवून हसली. आरती झाल्यावर मंडळाचे चंद्रभान म्हणाले, "बाई, टाळकरी कमी पडले का? तोंडातच टाळ वाजून राहिले." सगळे हसले, तानुबाईही हसल्या. पण मग चंद्रभान हळूच म्हणाले, "पुढल्या साली म्हटलं एखादा जवान महाराज आणावा. तुमालेही आराम."

 तानुबाईंना कीर्तनाशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाआधी त्या मांडवामागे बसल्या. शेजारी वातींची परडी होती. आमच्याकडे कापूस कोणत्या कामाला लागत नाही सांगा. जखमेला कापूस, कानाला कापूस, देवाला कापूस. त्यांनी एक फुलवात उचलली, चिमटीत दाबून माझ्या वाटीत भरली. दुसरी दुसऱ्या वाटीत भरली आणि मला तोंडात दाबलं. मी दगडासारखी बसले.

त्या दिवशीचं कीर्तन फार सुंदर झालं, आणि मी खूश होते.

पाच मिनिटांच्या कामासाठी अकोल्याला जायचं राहून गेलं. एका गावचा सप्ताह संपला की दुसऱ्याचा लागायचा. लोकांच्या घरी उतरायचं, तिथे कवळी काढून ठेवायची लाज वाटायची, म्हणून रात्रीही मी तोंडातच. कापूस भिजायचा, त्यात भाकरीचा कण अडकायचा, वास यायचा. उजव्या स्क्रूभोवतीची हिरडी लाल झाली, मग फुगली. मी त्या सुजेवरच बसलेली असायचे. मला सगळं कळत होतं. पण घट्ट बसण्याची चटक मलाही लागली होती.

शेवटी दुखणं सोसेना, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तसं त्यांनी बसस्थानकावरच्या नळावर कापूस काढून टाकला, चूळ भरली आणि मगच पायऱ्या चढल्या.

डॉक्टरताईंनी हिरडी पाहिली, मला उलटंपालटं करून पाहिलं. विचारलं, "आजी, हिच्यात काही घालता का?"

"नाही बाई," तानुबाई म्हणाल्या. "मी काहून घालू?"

मित्रांनो, ते खोटं माझ्या अंगावरून बाहेर गेलं. जिथे रऊफभाऊने 'सत्य' बसवलं होतं, त्याच जागेवरून गेलं, आणि एकही अक्षर अडखळलं नाही.

मग दोष कोणाचा? कवळी बनवणाऱ्याचा. डॉक्टरताईंनी कड्या बदलल्या आणि मला रऊफभाऊकडे पाठवलं. त्याने माझी बैठक नव्याने केली. तोवर तानुबाईंचा हात वातीला सवकला होता. नव्या कड्यांवरही त्यांना भरवसा वाटेना. पुन्हा कापूस, पुन्हा सूज, पुन्हा नळावरची चूळ. तानुबाई म्हणाल्या, "तुमच्या भाऊचं काम कच्चं दिसते." एक खोटं झाकायला दुसरं असं येतं. मी पुन्हा रऊफभाऊकडे गेले. तिसऱ्या वेळी डॉक्टरताईंनी फोनवर सांगितलं, की यापुढचं काम त्या नागपूरला पाठवतील. रऊफभाऊला बहुतेक काम त्यांच्याकडूनच यायचं. त्याने खोली बंद केली.

सहा महिन्यांनी उजवा स्क्रू हलू लागला. त्या दिवशी बस उशिरा आली आणि नळावर थांबायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरताईंनी चिमट्याने स्क्रूच्या मानेभोवतून एक धागा ओढला. तो येतच राहिला.

"हे काय, आजी?"

तानुबाईंनी पदर तोंडाशी घेतला. "वात," म्हणाल्या.

स्क्रू काढावा लागला. डॉक्टरताई रागावल्या नाहीत. हातमोजे काढून म्हणाल्या, "हाड भरेल, आजी. नवा स्क्रू बसवू. पण रऊफभाईंना मी काय सांगू?"

"मीच सांगीन," तानुबाई म्हणाल्या. गाल सुजलेला होता, तरी त्या तशाच निघाल्या. मला रुमालात बांधून घेतलं.

रऊफभाऊ बाजाराच्या तोंडाशी हातगाडीवर सापडला. लोकांच्या कुकरच्या रबरी रिंगा बदलून देत होता. शेजारी त्याची बायको हलीमाबी शिट्ट्या पुसत बसली होती.

"रऊफभाऊ, म्या वात घालत होती," तानुबाई म्हणाल्या. "डॉक्टरताईले खोटं सांगतलं. तुह्यं काम चांगलं होतं."

त्याने हातातल्या कुकरचं झाकण लावून पाहिलं. मग म्हणाला, "मले मालूम होतं, माय. कवळी दुसऱ्यांदा आली तवा वाटीत धागा पायला होता मी."

"मंग काहून नाही बोलला?"

"तुमी गादीवर उभ्या राहता. लोक तुमचं ऐकून जीव राखतात. म्हटलं, माझं काम गेलं तं दुसरं भेटन. तुमचा शब्द गेला तं?" त्याने झाकण पुन्हा उघडलं. "पण बोलाले पायजे होतं. तुमचं हाड वाचलं असतं. ते माझं चुकलं."

"ह्यांचं मन मोठं आहे," हलीमाबी मान वर न करता म्हणाल्या. "माझं नाही. मी तुमच्या घरी येऊन भांडणार होती. ह्यांनी येऊ देल्लं नाही."

"भांड माय," तानुबाई म्हणाल्या. "आता भांड."

हलीमाबींनी एक शिट्टी पुसून खाली ठेवली. भांडल्या नाहीत, पण बसाही म्हणाल्या नाहीत.

रऊफभाऊने रुमाल सोडून मला तळहातावर घेतलं. आतल्या बाजूने अंगठा फिरवला, जिथे त्याने चार वेळा घासलं होतं. "पक्कं होतं न काम?"

"पक्कं होतं."

"मंग झालं."

डॉक्टरताईंनी त्याला परत बोलावलं, दोनदा बोलावलं. तो आला नाही. बारीक कामाला आता डोळा पुरत नाही म्हणाला. खरं कारण त्यालाच ठाऊक.

तानुबाईंच्या तोंडात आज दुसरी कवळी आहे. तिच्या कड्या वेळेवर बदलतात, आणि पाहुण्याच्या घरीही ती रात्री वाटीत निजते. कीर्तन चालू आहे. मंडळ बदललं, गावं थोडी कमी झाली, कारण उत्तररंगात, कीर्तनाच्या कथेच्या भागात, त्या हीच कथा सांगतात आणि काहींना ते आवडत नाही. आरतीआधी त्या म्हणतात, "माह्या तोंडात ज्यानं सत्य बसवलं, त्याचं नाव घ्या."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची कवळी असेल तर ती रात्री काढून धुवा. सैल झाली तर लाजू नका, कापूस भरू नका, नीट करून आणा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. मी तोंडात असून मला बोलता आलं नाही. तुम्हांला येतं.

आजोबा भाकरीचा घास चावताना दिसले, की ज्याने त्यांची दाढ घासून दिली त्या न पाहिलेल्या माणसाची आठवण करा. नाव ठाऊक नसेल तर आमच्या माणसाचं घ्या. रऊफ.