विहीरवाली फिलम

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. ज्या गोदामात मी पडलो आहे तिथं माझ्या एका अंगाला खताची रिकामी पोती आहेत आणि दुसऱ्या अंगाला सोसायटीचा मोडका वजनकाटा. परवा शाळेतल्या दोन मुली आत डोकावल्या. एकीने माझ्या भिंगाच्या रिकाम्या खोबणीत बोट घालून विचारलं, "ह्ये काय असंल गं?" दुसरी म्हणाली, "शेवयाचं मशीन असंल." मित्रांनो, मला राग आला. ज्याच्या उजेडात हजार माणसं एकदम किंचाळली, त्याने शेवया कराव्यात! पण नंतर वाटलं, शेवया केल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणाच्या तरी पोटात गेल्या असत्या.

माझी घडण एका मोठ्या कारखान्यात झाली आणि उमेदीची नऊ वर्षं सोलापूरच्या एका थेटरात गेली. तिथं नवं यंत्र आलं, तेव्हा नळदुर्गचे गुरुलिंग मालक यांनी मला आपल्या फिरत्या तंबूसाठी घेतलं. तंबू, पडदा, डिझेलचं इंजिन, भोंगा आणि मी, असा आमचा संसार एका ट्रकमध्ये मावायचा. मला चालवायला जैनोद्दीन नावाचा ऑपरेटर होता. माझ्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या आणि त्यांच्यातलं अंतर तो तळहाताच्या अंदाजाने राखायचा. खेळ सुरू होण्याआधी गळ्यातल्या रुमालाने माझं भिंग पुसायचा. त्याच्याइतकी माया मला कुणी लावली नाही. म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

बहात्तर साली पावसाने तोंड फिरवलं. त्या एका वर्षात मी जेवढी भुतं दाखवली तेवढी आधी कधी दाखवली नव्हती. त्याला कारण होतं. लग्नाच्या फिलममध्ये पंगत बसली की तंबूतली माणसं उठून बाहेर जायची. देवाची फिलम लावली तर देवाला शिव्या घालायची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून, वाटपातली सुकडी खाऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरचं सुख बघवत नव्हतं. भूत मात्र चालायचं. भुताला कुणी जेवताना बघितलं नव्हतं.

त्या वर्षीच्या तीन फिलमा लोकांच्या लाडक्या होत्या. त्यांची खरी नावं कुणीच घेत नसे. एक मेणबत्तीवाली. तिच्यात एक बाई मेणबत्ती घेऊन जिना चढायची, आणि चढतच राहायची. दुसरी हातवाली. तिच्यात मेलेल्या माणसाचा नुसता पंजा घरभर फिरायचा. तो पंजा पलंगावर चढला की पुढून कुणीतरी हमखास ओरडायचं, "आरं, एवढा चालतोय तर खडी फोडाया लावा की त्याला!" आणि सगळा तंबू हसायचा.

तिसरी विहीरवाली. तिच्यातली हडळ एका जुन्या विहिरीतून वर यायची. गुरुलिंग मालक त्या वेळी पडद्यामागे तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब फोडायचे, म्हणजे बायका दचकून एकमेकींना बिलगतील. पण त्या वर्षी घडायचं वेगळंच. हडळ यायच्या आधी विहीर काठोकाठ भरलेली दिसे. पाणी हलायचं, त्यावर चांदणं पडायचं. ते दिसलं की हजार माणसं एकदम "आहाहा" करायची. हडळ आली की उलट ओरडायची, "बाजूला हो गं, पानी दिसू दे!" कितीदा तरी जैनोद्दीनला ते रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावावं लागलं. रीळ झिजलं, त्याच्यावर रेघा पडल्या. लोक म्हणाले, पाऊस पडतोय.

अशातच आमचा तंबू कळंब तालुक्यातल्या एका गावी गेला. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी स्वतः आम्हाला बोलावणं धाडलं होतं. डिझेल मिळत नव्हतं, त्यांनी ते दिलं. इंजिन थंड ठेवायला पिंपभर पाणी लागायचं, तेही दिलं. त्यांची अट एकच होती. रोज संध्याकाळी खेळ झाला पाहिजे, आणि फिलम भुताचीच पाहिजे.

गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. पंचांनी ठरवून दिलं होतं की सकाळी एकदाच पाणी काढायचं, घरटी दोन घागरी. मग दुसऱ्या सकाळपर्यंत विहिरीत दोर सोडायचा नाही, पाझर साचू द्यायचा. आणि बौद्ध वस्तीची पाळी सगळ्यात शेवटी. सरकारचा हुकूम होता की विहीर सगळ्यांची, पण रांग जुनीच होती.

आम्ही आल्यापासून ती रांग शेवटपर्यंत पोहोचेनाशी झाली. वस्तीची पाळी यायची तेव्हा घागरीत चिखल यायचा. आमचा तंबू झाडायला आणि इंजिनाच्या पिंपात पाणी भरायला त्याच वस्तीतली भिमाबाई होती. ती पंचांकडे गेली तेव्हा पंचांत बसलेले आबाराव हसून म्हणाले, "भिमाबाई, सिनेमातली हडळ आता आपल्या हिरीत उतरलीया. ती पिती पानी. दिवे लागल्यावर तिकडं फिरकू नका." चेअरमननी सांगितलं म्हटल्यावर गाव घाबरलं. गुरुलिंग मालकांना तर आयतीच जाहिरात मिळाली. त्यांनी भोंग्यावरून पुकारा केला, की हडळ आज आपल्या गावी मुक्कामाला आहे. मित्रांनो, मी त्या हडळीला रोज संध्याकाळी जन्म देत होतो, मला विचारा. ती उजेडाची होती. पाणी पिणारी हडळ वेगळी होती आणि तिला मोसंबीची बाग होती.

भिमाबाईला संशय आला तो पिंपापाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जैनोद्दीनजवळ येऊन उभी राहिली.

"जैनूभाई, आमच्या पोरास्नी प्यायला घोट न्हाय, आन् तुमच्या इंजिनाला पिंप भरून. चेअरमन एवढं पानी आनत्यात कुठनं?"

"मला काय ठावं," जैनोद्दीन माझं भिंग पुसत म्हणाला. "मी आपला पडद्याकडं बघतो."

"इंजिनाचा आवाज तुमाला वळखू येतो का न्हाय? लांबनं?"

त्याचा रुमाल थांबला. मला कळलं की त्याला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी इंजिनात डिझेल ओतायला तो बाहेर गेला होता, तिथं त्याने काहीतरी ऐकलं असणार, कारण परतल्यावर त्याच्याकडून कांड्यांमधलं अंतर चुकलं होतं. तो म्हणाला, "बाई, घरी नसीमबी हाय, चार लेकरं हायती. हे कामबी सुटलं तर मी कुठं जाऊ?" भिमाबाई झाडू उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी विहीरवाली लागली होती. तंबू गच्च भरला होता. आबाराव पुढं खुर्चीत बसले होते. पडद्यावर विहीर आली, पाणी काठाला टेकलं, माणसांनी श्वास रोखला, आणि माझा उजेड विझला. आमचं इंजिन बंद पडलं होतं. भिमाबाईने डिझेलचा कॉक फिरवला होता. जैनोद्दीन रोज फिरवायचा ते तिने बघून ठेवलं होतं.

अंधार झाला. लोक शिट्ट्या मारायच्या बेतात होते, इतक्यात ते सगळ्यांना ऐकू आलं. फट् फट् फट् फट्. आमचं इंजिन थांबलं होतं आणि तरी एक इंजिन चालू होतं. पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा तो आवाज विहिरीकडून येत होता. इतके दिवस तो आमच्या आवाजाखाली लपला होता, आणि माझा उजेड लोकांना विहिरीपासून लांब बसवून ठेवत होता. मी कुणाच्या मोसंबीसाठी राबत होतो ते मला तेव्हा कळलं.

भिमाबाई कनातीपाशी उभी राहून ओरडली, "ऐका! ही हडळ हाय व्हय? हिला डिझेल लागतं व्हय? चला माझ्यासंगं, आत्ताच्या आत्ता बघू!"

कुणी हललं नाही. सगळ्यांना ऐकू येत होतं. पण कामावरची हजेरी आबारावांचा मुकादम मांडत होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. आबाराव खुर्चीतून न उठता म्हणाले, "जैनोद्दीन, फिलम लाव. लोक खोळंबलेत."

"जैनूभाई," भिमाबाई म्हणाली, "तुमी तरी सांगा. तुमचा शब्द ऐकत्याल. इंजिनच हाय न्हवं ते?"

मी कान टवकारून होतो. एक शब्द, मित्रांनो. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं.

जैनोद्दीन बाहेर गेला. कॉक उघडला, हँडल मारलं. आमचं इंजिन धडधडायला लागलं आणि तो दुसरा आवाज पुन्हा बुडाला. माझ्या पोटात कांड्या पेटल्या. मला पेटायचं नव्हतं, पण यंत्राला विचारतो कोण? भिमाबाई आता तंबूच्या मधोमध येऊन उभी होती. तिची सावली पडद्यावरच्या भरल्या विहिरीवर पडली. आणि जी माणसं आतापर्यंत गप्प होती ती ओरडली, "ए बाई, खाली बस! पानी दिसू दे!"

ती खाली बसली नाही. घागर घेऊन एकटीच विहिरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरीतून तिचं नाव उडालं. पंधरवड्यात वस्तीतली चार घरं जगायला सोलापूरकडे निघून गेली, त्यात तिचं होतं. आम्ही आणखी नऊ खेळ केले. जैनोद्दीन त्यानंतरही माझं भिंग रोज पुसायचा, पण त्यातून पलीकडे कधी बघायचा नाही. पुढं टीव्ही आला आणि तंबू उठला. सोसायटीच्या कार्यक्रमांना कामी येईल म्हणून आबारावांनी मला मालकांकडून विकत घेतलं, आणि एकदाही वापरलं नाही. जैनोद्दीन माझं भिंग सोडवून घेऊन गेला. का नेलं, ते त्याने सांगितलं नाही. आबारावांचा हार घातलेला फोटो इथं शेजारच्या कचेरीत आहे.

मित्रांनो, अशा वेळी जुनी यंत्रं तुम्हाला म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, जपा. मी म्हणत नाही. मला गंजू द्या. माझी विनंती निराळी आहे. खेळ चालू असताना दिवे गेले तर लगेच शिट्ट्या मारू नका. क्षणभर गप्प बसा आणि कान द्या. बाहेर काही चालू असेल तर ऐकू येईल. आणि ऐकू आलं, तर ते बघायला एका बाईला एकटीला जाऊ देऊ नका.