राहून गेलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, गाडीचा. तीही साधीसुधी गाडी नाही. दोन दरवाज्यांची, बुटकी, पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटावं अशी. आणि उभी असली तरी आत्ताच कुठूनतरी पळून आल्यासारखी दिसणारी. तिच्या डाव्या बाजूला मी. चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे माझ्या वाट्याला माणसं कमी आली आणि वारा जास्त.

मी पोलादी पत्र्याचा. एका भल्यामोठ्या प्रेसखाली एका दणक्यात माझं अंग घडलं. मग आतली चौकट आली, काच आली, कुलूप आलं, बिजागऱ्या आल्या, वरून चंदेरी रंग बसला. पत्र्याची जात तशी निवांत. जिथे बसवाल तिथे बसून राहते. मला जी अस्वस्थता लागली ती नंतर, एका बहीण-भावाच्या संगतीत.

भाऊ धाकटा. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यानं ही गाडी घेतली तेव्हा ती कुणाच्यातरी आवारात धूळ खात पडली होती आणि माझ्या खालच्या कडेला गंज धरला होता. घरामागे त्याचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे काय, एक लांबट खोली, एक मोठी खिडकी आणि टेकायला जागा नाही इतकं सामान. तिथे त्यानं गाडीचं इंजिन उघडलं, धुतलं, बदललं, पुन्हा उघडलं. डोंगराच्या रस्त्यावर दरवर्षी चढणीची शर्यत व्हायची. एकेक गाडी खालून सुटायची आणि वर कोण लवकर पोहोचलं ते घड्याळ सांगायचं. धाकट्याला त्या शर्यतीचं वेड लागलं होतं.

बहीण मोठी. ती बोटी बांधायच्या कारखान्यात काम करून, पत्र्याहून कितीतरी हलक्या कार्बन फायबरची विद्या शिकून घरी परतली होती. आई तिला लहानपणापासून भिंगरी म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. ताई एका जागी बसून चहा प्यायली असं कधी झालं नाही. एक घोट घ्यायची, कप ठेवायची, दुसरंच काही हाती घ्यायची. संध्याकाळी आई वर्कशॉपभर फिरून गार चहाचे कप गोळा करायची आणि पुटपुटायची.

धाकटा इंजिनातून आणखी जोर काढायच्या खटपटीत होता तेव्हा ताईनंच त्याला अडवलं. म्हणाली, पैलवानाला खुराक वाढवून काय होणार, त्याच्या पाठीवरचं पोतं आधी उतरव. आणि तिनं बॉनेटवर हात ठेवला.

मित्रांनो, ते काम माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. आधी पत्र्याचं जुनं बॉनेट काढलं, धुतलं, मेण लावून आरशासारखं घासलं आणि त्यावरून साचा घेतला. मग साच्यात कार्बनचं कापड अंथरलं. काळं, चमकदार, चटईसारखी वीण असलेलं. त्यावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ, ब्रशनं मुरवली. पुन्हा कापड, पुन्हा राळ. वरून प्लास्टिकची पिशवी घालून कडा चिकटवल्या आणि पंप लावून आतली हवा खेचून घेतली, तशी ती पिशवी कापडाला अशी बिलगली जशी ओली साडी अंगाला. मग भट्टीची ऊब. दुसऱ्या दिवशी साच्यातून बाहेर आलं ते काळं कुळकुळीत बॉनेट ताईनं एका हातानं उचललं आणि धाकट्याच्या अंगावर फेकलं. तो दचकला, मग हसतच सुटला.

जुनं बॉनेट भंगारवाला घेऊन गेला.

त्यानंतर डिकीचं झाकण झालं. मग पुढची दोन्ही मडगार्डं. मग उजवा दरवाजा, माझा जोडीदार. प्रत्येकाचा क्रम तोच: काढा, घासा, साचा घ्या, आणि मग भंगारवाल्याची हातगाडी. मी एकटा उरलो. माझी पाळी कधी, याच एका विचारानं मला घेरलं. रस्त्यात खड्डा आला की माझं कुलूप खुळखुळायचं. पूर्वी असं होत नसे.

गाडी बघायला लोक येऊ लागले. काळ्या अंगावरून बोटं फिरवत, वाकून वीण बघत, वा वा करत. माझ्यासमोर येऊन कुणी थांबत नसे. एकानं तर विचारलं, "हा काय असाच ठेवणार?" ताई म्हणाली, "छे, हा शेवटचा आहे."

पण मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. येता-जाता ताई माझ्या कडेवर मनगट घासायची. आधी सहज, मग जोरात. तिच्या बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठलं होतं आणि ते हळूहळू वर सरकत होतं. हातमोजे होते, पण ती ते काढून फेकायची. मोज्यातून कापड बोलत नाही, असं तिचं म्हणणं. हाताला राळ लागली की थिनरनं पुसायची. ऐन उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागली. दिवसभर चुळबुळ, येरझाऱ्या, हे उचल, ते ठेव. घरच्यांना त्यात नवल वाटलं नाही. भिंगरीच ती, म्हणत राहिले.

एका सकाळी तिच्या पापण्या सुजल्या. आईनं मग काही ऐकलं नाही, हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघी परत आल्या आणि माझ्या शेजारीच उभं राहून त्यांचं बोलणं झालं, म्हणून ते मला कळलं. बाईंनी सांगितलं होतं की ओल्या राळेचं आणि तिच्या अंगाचं वैर झालं आहे. हे वैर अंग विसरत नाही. आज पुरळ आहे, उद्या श्वासावर जाईल. काम बंद करा.

"एकच दरवाजा राहिलाय," ताई म्हणाली. "धाकट्याला सांगू नकोस. शर्यत झाली की बंद करते."

आईनं त्याला सांगितलं नाही, पण पुढचे दिवस ती स्वयंपाकघरातून सारखी खिडकीशी येऊन आत डोकावत राहिली.

मग माझी पाळी आली. मला बिजागऱ्यांवरून उतरवून घोडीवर आडवं ठेवलं, काच आणि कुलूप काढलं, मेण चोळलं, माझ्यावरून साचा निघाला. मला भिंतीशी उभं करून ठेवलं. भंगारवाल्याला निरोपही गेला होता.

धाकटा टायर आणायला गेला त्या दिवशी ताईनं एकटीनंच काम काढलं. तोंडाला मुखवटा होता, मोजेही होते, पण अर्ध्या वाटेत तिनं डावा मोजा दातांनी ओढून काढला. त्यासाठी मुखवटा खाली केलेला तसाच राहिला. कोपऱ्यातली कापडाची घडी बसत नव्हती आणि ती बोटानं दाबत होती. थोड्या वेळानं ती खोकली. मग टेबलाला धरून वाकली. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. डोळे सुजून मिटत चालले होते. मागे भांड्यात कालवलेली राळ तशीच राहिल्यानं घट्ट होता होता आपोआप तापली आणि तिच्यातून धूर निघू लागला. मित्रांनो, मी पत्र्याचा. पडून आवाज करणं एवढंच मला जमलं असतं, आणि तेही माझ्या हाती नव्हतं.

तो धूर आईनं खिडकीतून पाहिला. ती धावत आली, ताईला ओढत अंगणात नेलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या.

ताई दवाखान्यातून परतली तेव्हा धाकटा अंगणात बसला होता. तो ओरडला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबवलं असतंस."

"हो."

"म्हणून."

मग त्यानं जाहीर केलं की पत्र्याचा दरवाजा परत लावायचा आणि शर्यतीला जायचं. ताईला ते जेवण अर्धवट टाकून उठण्यासारखं वाटलं. ती हट्टाला पेटली. शेवटी आईनंच तोड काढली: काम धाकट्यानं करायचं, आणि ताईनं खिडकीबाहेर, काच बंद ठेवून, नुसतं दाखवायचं.

तो दिवस मी विसरणार नाही. आत धाकटा, कोपरापर्यंत मोजे, अंगात गाउन, नाका-तोंडावर मुखवटा. बाहेर ताई, काचेवर नाक चपटं करून. ती हातवारे करी, हा उलटंच करी. ती काचेवर बोटानं आकृती काढी, हा मान डोलावी आणि तिसरंच काहीतरी करी. ती पाय आपटी. एकदा तर ती दाराकडे धावली, पण आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. इंजिनाचा एवढा मोठा कारागीर, पण ओलं कापड त्याच्या बोटांना ऐकेना. तरी पिशवी चढली, पंप चालला, दुसऱ्या दिवशी दरवाजा निघाला. लांबून पाहिलं तर फक्कड होता. मी मनातून निरोप घेतला.

तो पुरता वाळून घट्ट झाल्यावर अंगणात आणला. ताईनं हातमोजे घालून चमच्याच्या मागच्या बाजूनं त्यावर टकटक करायला सुरुवात केली. टक, टक, टक. बिजागरीपाशी येताच आवाज बदलला. ठप्प. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा ठप्प. आत थर एकमेकांना धरून नव्हते. मध्ये हवा राहिली होती.

"लावायचा नाही," ती म्हणाली.

धाकट्याचा चेहरा पडला. एवढ्याशा जागेनं काय होतंय, असं त्यानं विचारलं.

"बिजागरी इथंच धरते. वळणावर सुटला तर उडेल, आणि कडेला माणसं उभी असतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाकी काम माझ्यापेक्षा वाईट नाही केलंस."

दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून तो दरवाजा कापायला हवा होता. ताई घरात गेली, खिडक्या लावून घेतल्या, आणि धाकट्यानं स्वतःच्या हातानं ग्राइंडर चालवून त्याचे दोन तुकडे केले. काळी धूळ त्याच्या भुवयांवर बसली. मग तो माझ्याकडे आला, माझ्यावरचं मेण फडक्यानं पुसलं आणि मला जागेवर चढवलं.

शर्यतीच्या दिवशी काळ्या गाडीला एकच चंदेरी दरवाजा बघून गर्दी हसली. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला की या गाडीनं अर्धा शर्ट इस्त्री केलाय. आम्ही सुटलो. प्रत्येक डाव्या-उजव्या वळणावर माझं वजन मला पहिल्यांदा जाणवलं आणि मी शरमेनं कडकडून खुळखुळलो. धाकटा ना पहिला आला, ना शेवटचा. खाली उतरल्यावर एकानं ताईला विचारलं, हा दरवाजा कधी करणार? ती गर्दीतून वाट काढत लांब जाऊन उभी राहिली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. काम सुटलेलं माणूस कसं असतं, मित्रांनो, ते मी तेव्हा पाहिलं. ती वर्कशॉपच्या दाराशी यायची, उंबऱ्याबाहेरच थांबायची, परत जायची. घरातली कपाटं लावायची, उपसायची, पुन्हा लावायची. हात बरे होत होते, ती मात्र बरी होत नव्हती. शेवटी आईच कंटाळून धाकट्याला म्हणाली, "हिला कुठंतरी ने बाबा. नाहीतर उद्या भिंती हलवेल."

धाकट्यानं गाडीत माझ्या बाजूला खुर्ची बसवली आणि ताईला डोंगराच्या रस्त्यावर नेलं. पहिल्या वळणापासून तिच्या सूचना सुरू झाल्या. गिअर उशिरा टाकलास. अरे, आतून घे. घाबरतोस काय? अर्ध्या चढणीवर त्यानं गाडी कडेला थांबवली, उतरला, पुढून वळसा घालून आला आणि मला उघडून म्हणाला, "उतर. तूच चालव."

ती चालवायला बसली. बरे झालेले दोन्ही हात चाकावर आले, आणि मग काय विचारता! ती वळणाला भीत नव्हती, फक्त थांबायला भीत होती. धाकट्यानं एका हातानं खुर्ची धरली आणि दुसऱ्या हातानं माझा आतला धरायचा दांडा, असा घट्ट की तो आता निखळतो असं मला वाटलं. तो "हळू, ताई, हळू" म्हणत राहिला. तिनं ऐकलं नाही.

या हंगामात शर्यतीला ती उतरणार आहे. आणि मला बदलायचं पुन्हा घाटतं आहे. बोटींच्या कारखान्यातून कुणी जुना सोबती येऊन काम करून देईल म्हणे. होईलही. रोज सकाळी पावलं वाजली की माझं कुलूप हलतं.

म्हणून जाण्याआधी सांगून ठेवतो. मित्रांनो, आमच्यासारख्यांची निगा राखा. बिजागरीला तेल द्या, गंज वेळेत घासा. पण त्याहून अधिक, आम्हाला घडवणाऱ्या हातांकडे बघा. मोजे घालायला लावा, खिडक्या उघडायला लावा. आणि घरातलं एखादं माणूस सारखं चुळबुळत असेल, तर त्याचा स्वभावच तसा आहे असं म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसवा, बाही वर करा आणि काय होतंय ते विचारा. मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.