नामाजी मुनिमांचं अक्षर

हिंगोलीच्या बाजारात गुलाबचंद शेटच्या कापसाच्या पेढीवर नामाजी मुनिमांनी चौदा वर्षं काढली. त्यांतली शेवटची अकरा वर्षं वह्या लिहिल्या त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं. हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९३४ साली नामाजी पेढीवर लागले. लेकरूबाळ झालं नाही, म्हणून रिकाम्या वेळात त्यांनी बायकोला मोडी शिकवली. तिचं अक्षर असं उतरलं, की कोणतं कुणाचं हे त्यांनाही ओळखू येईना. तीन वर्षांनी त्यांची नजर जायला लागली. मोठं अक्षर दिसे, वहीतलं दिसेना.

"शेटला सांगून टाका," ती म्हणाली.

"आंधळा मुनीम कोन ठेवतो?"

मग तशीच रीत पडली. पेढीवर नामाजी जाडजूड अक्षरात चिठ्ठ्या करत, बाकीचं ध्यानात ठेवत. संध्याकाळी वही काखेत मारून घरी येत. ते सांगत, ती लिही. पुढं पुढं तीच चुका धरू लागली. "पुसेगावची गाडी धरली न्हाई तुमी," म्हणे, आणि ते खरं निघे. बाजारात नामाजींचं नाव झालं. एका दसऱ्याला शेटनं त्यांना पागोटं बांधलं. घरी येऊन त्यांनी ते उतरवलं आणि चाचपत तिच्या डोक्यावर ठेवलं. दोघं हसली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं रस्ते ओस पडले. नामाजींना ताप भरला. नांदेडला न्यायला एकही गाडीवाला तयार होईना. पाचव्या दिवशी ते गेले.

तेरावं झालं आणि सत्यभामाबाई पेढीवर गेली. खरं काय ते सांगितलं.

"मला तेच काम द्या, शेटजी. घरी बसून लिहीन."

गुलाबचंदनं तिच्यापुढं कागद सरकवला. तिनं चार ओळी लिहिल्या. त्यानं त्या वहीशेजारी धरून पाहिल्या.

"बाई, हे कुनापाशी बोललात?"

"न्हाई."

"बोलूबी नका. उद्या कचेरीत काम पडलं तर अकरा वर्षांच्या वह्या खोट्या ठरतील."

"खोट्या काहून? एक आकडा चुकीचा दाखवा."

"आकडे बराबर हायेत. पन बायमानसाच्या हातचे हायेत." त्यानं कागदाचे तुकडे केले. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नामाजीचं नाव राहू द्या. तेवढंच त्याच्यामागं उरलंय."

जाताना त्यानं तिला लुगडं दिलं. नको म्हणायचं तिला सुचलं नाही.

भाऊ उत्तमराव तिला कुरुंद्याला घेऊन आला. तिथं ती हळदीच्या रानात निंदायला जाऊ लागली. भावजय कौशल्या एकदा निंदता निंदता म्हणाली, "वन्सं, दाजी लई मोठे मुनीम होते म्हनं. शेट अजून नाव काढतो त्यांचं."

"व्हय," सत्यभामाबाई म्हणाली. "लई मोठे होते."

खुरपं ठेवून ती बांधापलीकडं गेली. नवरा गेल्या दिवसापासून तिला रडू आलं नव्हतं. आता आलं, ते थांबेना. कौशल्या धावत आली, पाठीवर हात फिरवत राहिली. "दाजींची सय आली व्हय?" तिनं विचारलं.

सत्यभामाबाईनं मान हलवली. त्यांची आली होतीच. दुसरं काय गेलं, हे सांगायला तिच्यापाशी माणूस उरलं नव्हतं.