धुक्यातली ओ

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, मित्रांनो. अस्सल लोखंडाचा. गोड बोलायला मला कुणी शिकवले नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट तुम्हांला झोपवण्यासाठी नाही.

माझा जन्म विलायतेतल्या भट्टीत झाला. तिथले मला काही आठवत नाही. जळताना कोण काय ध्यानात ठेवतो? बोटीतून मुंबईला आलो आणि खंडाळ्याच्या घाटात पडलो. माझ्या पाठीवरून गाड्या गेल्या. आत बसलेले लोक खिडकीतून धबधबे बघत, खाली माझ्याकडे कुणी बघत नसे. झिजलो तेव्हा मला कापून कडेला टाकले. झिजला की टाकून द्यायचा, हा रेल्वेचाच नव्हे, सगळ्या जगाचा कायदा आहे.

उंबरोळी नावाच्या गावातली माणसे घाटात खडी फोडायला येत. त्यांनी मुकादमाला विनवून मला मागून घेतले, वेळूला बांधले आणि खांदे बदलत डोंगरवाटेने आपल्या खोऱ्यात नेले. तिथे भैरोबाच्या देवळापुढे मला टांगले. आग लागली, वाघरू आले, कुणाची गाय दरीत पडली, की पहारीने मला ठोकायचे. ते माझे खरे दिवस. माझा ठोका पडला की चारी बाजूंनी 'ओ' यायची. भातखाचरातून यायची, ओढ्यातून यायची, जांभळीच्या शेंड्यावरूनही यायची. गाड्यांच्या वजनाने मी कधी फुगलो नव्हतो, पण त्या ओ ऐकून फुगायचो.

मग धरण आले. मुंबईला वीज पाहिजे होती. मुंबईला काही पाहिजे झाले की मावळात काहीतरी बुडते. लोकांनी भैरोबाला टोपलीत घालून वरच्या काठावर नेले. मी जड, मला कोण नेणार? निघायच्या गडबडीत माणसे गोळा करता यावीत म्हणून मला जवळच्या टेकडीवर ऐनाच्या झाडाला बांधले होते. तिथेच राहिलो. पाणी चढत चढत आले, टेकडीला वेढा घालून थांबले आणि टेकडीचे बेट झाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की एका अंगाने चिखलाची वाट उघडी पडते आणि खाली देवळाच्या पायऱ्या दिसतात. पाऊस लागला की पुन्हा सगळीकडे पाणी.

पहिल्याच पावसाळ्यात काठावर एक गोष्ट घडली. एका बाईने पाण्याकडून हाक ऐकली. तिने ओ दिली आणि ती चालत चालत पाण्यात गेली. कुणाची हाक होती ते मला माहीत नाही. माझी नव्हती, मला कुणी ठोकले नव्हते. पण तेव्हापासून काठावर नेम झाला. पाण्याच्या अंगाने कसलाही आवाज आला तरी ओ द्यायची नाही. तान्ह्या पोराला बोलायला शिकवायच्या आधी हे शिकवत.

मी बरीच वर्षे गप्प टांगलेला होतो. मग एका उन्हाळ्यात अंबाजी आला.

अंबाजी घाटात गँगमन होता. जन्म दौंडकडचा, हयात रेल्वेच्या खोलीत गेली. गुडघा कामातून गेला तेव्हा नोकरी सुटली आणि खोलीही सुटली. त्याच्या बायकोचे, धोंडाबाईचे, एकच म्हणणे होते, आता दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही. वडगावच्या बाजूला जमीन बघितली, इंदुरीकडे बघितली. भाव ऐकून परत फिरले. परवडेल अशी जमीन एकच मिळाली, माझे बेट. ते दत्तोबाचे होते. दत्तोबा उंबरोळीचाच. त्याचे घर, खाचरे सारे पाण्याखाली गेले आणि टेकडीचा हा माथा तेवढा त्याच्या नावावर वर राहिला होता.

दत्तोबा खोटारडा नव्हता, हे सांगायलाच हवे. अंबाजीने विचारले, एवढी स्वस्त कशी? दत्तोबा म्हणाला, "माती खोटी न्हाई. नाचणी घे, वरई घे, आंबा हाय, बांधावरनं भांडायला भाऊबंद न्हाई. स्वस्त यासाठी, की पावसाचं चार म्हैने तू मेलास तरी मला कळायचं न्हाई."

अंबाजी हसला. त्याला वाटले, विनोद आहे.

"आन् कळलं तरी मी यायचो न्हाई," दत्तोबा पुढे म्हणाला. "खाली माझं घर हाय. त्याच्या आढ्यावरनं होडी न्हेववत न्हाई मला."

हे ऐकूनही त्यांनी जमीन घेतली. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. ज्याला जन्मभर पाय टेकायला जागा नाही, त्याला पाण्याने वेढलेली जागासुद्धा जागाच वाटते. मूर्ख म्हणायचेच तर त्यांना म्हणा, ज्यांच्यामुळे गरिबाला चांगली जमीन आणि चांगला शेजार यांतले एकच परवडते.

अंबाजीने मला झाडावर बघितले, बोटाने टिचकी मारली आणि धोंडाबाईला म्हणाला की हा आपल्या घाटातलाच दिसतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी ओळखले. लोखंडालाही बरे वाटते.

बेटावरचा संसार चालू झाला. नाचणी खरेच जोरात आली. पण दत्तोबाने सांगितले नव्हते, कदाचित त्यालाही सुचले नसेल, असे पुष्कळ होते. गवताचा भारा बांधता एकट्याला येतो, पण डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते. म्हणून एकाला ताप आला की दुसऱ्याचेही काम बंद. मीठ संपले तर शेजारी नाही. रागावून माहेरी जायचे म्हटले तर धोंडाबाई पाण्यापर्यंत जाई आणि परत येई. मग दोघे हसत. पहिल्या वर्षी हसले.

काठावर रखमाजी होडीवाला होता, उंबरोळीचाच. त्याच्याशी अंबाजीने ठरवले, होडी हवी असली की रूळ ठोकायचा. रखमाजी तयार झाला. मग अंबाजी म्हणाला, "आमच्या रेल्वेत पुढल्या टेशनानं जबाब दिल्याबिगर गाडी सुटत न्हाई. ठोका ऐकलास की नुसती एक ओ दे. म्हंजी मला कळंल, तू निघालास."

रखमाजीचा चेहरा उतरला. "तेवढी ओ मागू नगंस भाऊ. येतो म्हटलं की येतो. पर तोंड उघडणार न्हाई."

"मग बायकूशी पयल्यांदा बोललास तरी कसा?"

"ती पाण्याच्या अंगानं आली नव्हती."

यावर दोघेही हसले आणि ओ राहून गेली. काही वर्षे अडलेही नाही. ठोका पडला की अर्ध्या प्रहरात होडी येई. रखमाजी न बोलता यायचा, काठाला लागला की मग तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

मग तो श्रावण आला. आमच्याकडचे श्रावणातले धुके तुम्ही बघितले असेल. भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. अंबाजी कुंपणासाठी काट्या तोडत होता, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मूठ ओली होती. कोयता निसटला आणि त्याच्याच मांडीत बसला. धोंडाबाई धावली. तिने लुगड्याचा पदर फाडून मांडी आवळली, पण चिंधी भिजून रक्त बाहेर येतच राहिले. वरून दाबून धरले की थोडे थांबायचे. हात उचलला की पुन्हा चालू. त्याला ओढत झाडापर्यंत आणायचा तिने प्रयत्न केला. चिखल, चढ आणि गड्याचे वजन, जमले नाही.

मित्रांनो, आता नीट ऐका. गावात असते तर एकाने जखम दाबली असती आणि दुसरा मदतीला पळाला असता. इथे हात दोनच होते. त्या हातांनी जखम दाबायची, की मला ठोकायचे?

अंबाजी म्हणाला, "तू ठोक जा. मी दाबतो." त्याने दोन्ही तळवे मांडीवर रोवले.

ती माझ्याकडे आली आणि पहार उचलली. इतक्या जोराने मला आजवर कुणी मारले नव्हते. काही ठोके झाले की ती थांबे आणि धुक्यात ओरडे, "अवो, हायसा न्हवं?" त्या बाजूने "हाय" असा आवाज आला, की ती पुन्हा ठोके. पुन्हा विचारी, पुन्हा तो 'हाय' म्हणे. मग ती पाण्याकडे तोंड करून ऐकत राही. तिकडून काही नाही. वल्ह्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. पाण्यावर धुके होते आणि धुक्यात माझीच घणघण फिरत होती.

'हाय' बारीक होत गेला. एकदा आलाच नाही.

नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नसते. धोंडाबाईने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते घेतले, पुऱ्या ताकदीने. "अंबाजी!" उत्तर आले नाही. तिने पाण्याकडे शेवटचे बघितले. तिला वाटले, कुणी निघालेलेच नाही, मग कशाला ठोकायचे? निदान त्याच्याजवळ बसू. पहार टाकून ती पळाली. मी हलत हलत गप्प झालो.

धुके विरळ झाले तेव्हा रखमाजीची होडी लागली. अंबाजी गेला होता. त्याचे डोके धोंडाबाईच्या मांडीवर होते. रखमाजी तिच्यापुढे बसला.

"मी निघालो व्हतो वहिनी. पयल्याच ठोक्याला."

तिने विचारले, "किती जवळ आला व्हता?"

"तुमी त्यांचं नाव घेतलं, तेबी ऐकलं. मग ठोके दुसरीकडनं याया लागले. खालनं. देवळाच्या पायऱ्यांकडनं. त्यांच्या मागं गेलो आन् तितंच फिरत राह्यलो."

"एवढ्या जवळ व्हता," धोंडाबाई म्हणाली, "मग एक ओ का न्हाई दिली? मी हलले नसते रुळापासनं."

रखमाजीने पाण्याकडे बघितले.

खालून काय वाजत होते, ते मी सांगू शकत नाही. मी वाजत नव्हतो, हे मात्र छातीठोक सांगतो. अंबाजी वाचला असता का, तेही मला माहीत नाही. लोणावळ्याचा दवाखाना लांब होता. पण एका आवाजाने ती बाई ठोकत राहिली असती, होडी सरळ आली असती. तो आवाज गळ्यात तयार असताना माणसाने गिळला. का? तर मेलेल्या गावाची भीती. आणि त्या भीतीपायी जिता माणूस गेला. बुडवणारे मुंबईला दिवे लावून मोकळे झाले. बुडालेले एकमेकांना ओ देईनासे झाले. कुणावर जास्त रागवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

रखमाजीने होडी काठावर पालथी घातली, ती पुन्हा पाण्यात टाकली नाही. धोंडाबाई बेट सोडून गेली नाही. जायचे कुठे? उन्हाळ्यात चिखलाची वाट उघडली की ती काठावर येते, मीठ-तेल घेते आणि कुणाशी फार न बोलता परत जाते. पावसाळ्यात एकटी असते. आणि धुके उतरले की मला ठोकते. काम नसते, मदतही नको असते. थांबते, पाण्याकडे बघते आणि मग स्वतःच मोठ्याने म्हणते, "ओ..."

मी लोखंड आहे, पण त्या वेळी मला तडा गेल्यासारखे वाटते.

ती ओ काठावर पोचते. पोचली की आया पोरांना आत ओढतात आणि सांगतात, बेटावरचे भूत आहे, जबाब देऊ नका. ज्या बाईला त्यांनी उन्हाळ्यात मीठ मोजून दिले, तिलाच पावसाळ्यात भूत करतात.

भुताचे बेट म्हटल्यावर भाव आणखी पडला. गेल्या वैशाखात हौशीराम म्हणून एक जण वाट तुडवत आला. लोणावळ्यात एका साहेबाच्या बंगल्यावर राखणदार होता, घरी लेकुरवाळी बायको. माती मुठीत घेऊन त्याने वास घेतला आणि खूश झाला. धोंडाबाई त्याला म्हणाली, "जमीन देते. पर आधी काठावर जा आन् दारोदार इचार, धुक्यात हितनं ठोका पडला तर ओ कोण देनार."

हौशीरामला ते वेड्या म्हातारीचे बोलणे वाटले असणार, पण तो गेला. उन्हे कलताना परत आला.

"मावशी, समद्या दारांवर गेलो," तो म्हणाला. "पानी दिलं, जेवून जा म्हणाले. पर व्हय कुणी म्हणालं न्हाई. ते रखमाजी तर उठून आतच गेले."

"मग जमीन न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "दुसरी बाई हितं ठोकत बसाया मला नको."

तिला पैशाची गरज होती, हे मी जाणतो. तिने हौशीरामला भाकरी खाऊ घातली आणि वाटेला लावले.

मित्रांनो, जमीन घेणारे माती बघतात, विहिरीचे पाणी चाखतात. बघू द्या. पण मी आज त्यांच्याशी बोलत नाही, तुमच्याशी बोलतो आहे. तुम्ही काठावर वाढता. तिथे गुरे राखता, खेकडे धरता. तुमची आई सांगेल ते सगळे ऐका, हे एक ऐकू नका. बेटावर भूत नाही. तिथे एक बाई आहे. तिचे गुडघे दुखतात, चुलीवर आंबील शिजते आहे आणि मला ठोकण्याइतके बळ तिच्या मनगटात अजून आहे. येत्या श्रावणात ती मला ठोकेल. तेव्हा काठावर उभे राहा, छाती भरून ओ द्या, आणि तिचा विश्वास बसेपर्यंत देत राहा.