वहीतल्या घसरलेल्या रेघा

"काकू, टिल्ली लिहिता लिहिता मध्येच थांबते. हाक मारली तरी बघत नाही," असे टिल्लीच्या बाकावर बसणाऱ्या वेणीवालीने तिच्या आईला शाळेच्या फाटकापाशी सांगितले, तेव्हा मी दप्तरातल्या कंपासपेटीत होतो. आई हसली. "तू तुझं लिही गं, शहाणे!"

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. कारखान्यात लांब पट्टीतून कापून निघालो, तेव्हा माझे चारही कोपरे शाबूत होते. टिल्लीच्या घरी आलो आणि रोज संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, झिजू लागलो.

टिल्लीची आई शिकलेली, डोळ्यांत तेल घालून मुलीकडे बघणारी. श्रुतलेखनाच्या वहीत एखादा शब्द अर्धाच सुटलेला असे आणि तिथून पेन्सिलीची एक रेघ घसरत खाली गेलेली असे.

"लक्ष कुठे असतं तुझं? खोड ते!"

"आई, मला कळतच नाही गं, कधी होतं ते."

"कळत नाही म्हणे! सोंगं पुरेत."

टिल्ली मान खाली घालून मला उचली. मी रेघ अशी पुसत असे की आई म्हणे, "बघ, कसं स्वच्छ झालं!" आणि मी फुगून जाई. त्या फुगण्याची मला आज फार लाज वाटते.

मग एकदा टिल्ली रस्ता ओलांडताना मधोमध उभी राहिली. समोरून सायकलवाला ओरडत आला, तरी पापणी हलेना. आईने तिला ओढून घेतले.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा अपस्मार आहे. अंग आखडत नाही, पण काही क्षण भान जातं. कधीपासून आहे? जुन्या वह्या आणल्यात का?"

आईने वही उघडली. पाने स्वच्छ! माझीच कामगिरी. कंपासपेटीत मला तोंड लपवावेसे वाटले.

"मेंदूच्या फोटोत डाग आहे का हो?" आईने विचारले.

"डाग नाही. मेंदूचे भाग बारीक धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. अशा पुष्कळ मुलांचे फोटो ताडून पाहिले, तर काही जोडण्या इतर मुलांपेक्षा विरळ, काही दाट आढळतात. हिचं नेमकं काय, ते एका फोटोवरून नाही सांगता येत."

"म्हणजे... ती मुद्दाम करत नव्हती?"

"अजिबात नाही."

आईने वही खिडकीकडे तिरकी धरली. पेन्सिलीचा रंग मी पुसला होता, दाब नाही. घसरलेल्या रेघांचे वळ कागदावर तसेच होते, वर तारखांसकट. पहिला वळ सात महिन्यांपूर्वीचा होता.

"चुकलं गं माझं," आई म्हणाली. तिला मुलीकडे बघवेना.

टिल्लीने हळूच विचारले, "मग आता खोडायचं नाही ना?"

आता औषध चालू आहे. रेघ घसरलीच, तर आई तिच्याभोवती गोल करते आणि वेळ लिहिते. मी पेटीत पडून असतो, आणि ते बरेच आहे. परवा फाटकापाशी आई वेणीवालीला म्हणाली, "तुझंच खरं होतं, बाळा. मीच ऐकलं नाही."

मित्रांनो, तुमच्या बाकावर कुणी लिहिता लिहिता थांबते का? हसू नका, वही लपवू नका. बाईंना सांगा, घरी सांगा. मोठ्यांनी हसण्यावारी नेले, तर पुन्हा सांगा. उद्या शाळेत गेलात की शेजारच्याकडे एकदा नीट बघाल ना?