धुराआडची बाई

"उन्हं वर येऊ दे, मंग निघा वं सूनबाई," मामाजी म्हणाले होते. "मोहाचे दिवस आहेत. लोकं झाडाखालचा पाला जाळून राह्यले. सडकेवर धूर, अन् धुरात माणसं."

"मामाजी, मी काय आजच चालवून राह्यली?" दीपिका हसून म्हणाली आणि गाडीची चावी घेऊन बाहेर पडली.

शिकाऊ लायसन्सची मुदत संपून तेव्हा बारा दिवस झाले होते. पण मुलचेऱ्याजवळच्या सासरच्या गावी चुलत नणंदेचं लग्न झालं होतं, तिच्या नवऱ्याचा, निकेशचा, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि दुपारच्या शिफ्टला त्याला ऊर्जानगर गाठायचं होतं. "मी घेते, तुम्ही मागं दिव्यानीजवळ झोपा," असं तिनंच म्हटलं. वर्षाची दिव्यानी बापाच्या मांडीवर होती.

पहिल्या मोठ्या वळणाला धूर आडवा आला. त्याच वेळी मागं पोर रडली. दीपिकानं मान वळवली. तेवढंच. पुन्हा समोर पाहिलं तेव्हा टोपली हवेत होती आणि काचेवर मोहाची फुलं फुटली होती.

मोह वेचायला आलेल्या रुखमाबाईला निकेशनं उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. आता गाडी त्यानं घेतली, दीपिका मागं बसली. दिव्यानी रडरड रडत होती आणि दीपिकाला ती सांभाळेना. तेव्हा त्या बाईनं, मांडीचं हाड मोडलेल्या त्या बाईनं, हात लांब करून पोरीचा तळपाय मुठीत धरला. दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. पोर गप्प झाली.

दवाखान्यात पोलिसानं विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," निकेश म्हणाला.

दीपिका पदराआड पोरीला पाजत होती. तिला काही बोलावंच लागलं नाही. खोटं इतकं सोपं असतं हे बीएस्सीपर्यंत शिकूनही तिला ठाऊक नव्हतं.

मग सहा वर्षं गेली. दिव्यानी पहिलीत गेली. दीपिका तिला शाळेच्या बसमध्ये बसवताना दार दोनदा ओढून पाही, रस्ता ओलांडताना मनगट इतकं घट्ट धरी की पोरगी ओरडे, "आई, दुखून राह्यलं ना!" जगातल्या सगळ्या धोक्यांवर तिची नजर होती. फक्त रुखमाबाईच्या भरपाईच्या दाव्याचं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. निकेश म्हणे, "चालू आहे. विमा कंपनी पाहून घेते." ती तेवढ्यावर थांबे.

यंदा होळीनंतर निकेशच्या नावानं साक्षीचं समन्स आलं. दिव्यानीला शेजारी ठेवून दीपिकाही त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या कोर्टात गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

व्हरांड्यात बाकावर रुखमाबाई बसली होती. जवळ काठी. एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड. शेजारी तिची लेक ललिता. एटापल्लीला दिलेली, प्रत्येक तारखेला पहाटेची बस धरून येणारी. समोर त्यांचे वकील उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता.

"बाई, किती वेळा सांगू? पोलिसांच्या कागदात माणूस गाडी चालवत होता असं आहे. तुम्ही म्हणता बाई होती. समोरचा वकील म्हणतो, हिला धडक कोणी दिली तेच ठाऊक नाही, ही गाडीच ती नव्हे. म्हणून सहा वर्षं गेली. आज 'माणूस होता' म्हणा, संपवून टाका."

"काऊन म्हणू?" रुखमाबाई म्हणाली. "मी मोहाखाली उभी होती. आमचं लगन मोहाच्या डहाळीपुढं लागते, वकील साहेब. त्याच्या बुडाशी जे पाह्यलं ते कोर्टात दुसरं कसं सांगू?"

"मंग दावा फेटाळला तर?"

"फेटाळू द्या. बाईच होती. मागं तिची पोरगी रडत होती."

"मायले समजावून समजावून माझं तोंड दुखलं," ललिता कपाळावर हात मारून म्हणाली. "म्हातारीचं डोकं म्हणजे सागाचं लाकूड."

दीपिका खांबाआड सरकली. पण रुखमाबाईची नजर तिच्यावर पडलीच. आता ती बोट दाखवेल, ओरडेल, असं दीपिकाला वाटलं.

रुखमाबाई म्हणाली, "आली का वं? पोरगी मोठी झाली असंल."

दीपिकाच्या तोंडून जेमतेम "पहिलीत आहे" एवढंच निघालं.

"चालते ना चांगली?"

"हो."

"बरं झालं." आणि बाईनं आपला आखूड पाय हातानं उचलून नीट ठेवला.

दीपिका निकेशकडे गेली. "मी सांगणार आहे."

"येडी झाली का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "खोटा जबाब म्हणून मी अडकीन. तू बिनलायसनची म्हणून अडकशीन. पोरीले कोण पाहीन? अन् विमावाले आपल्याच अंगावर टाकतीन सारं."

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि ते खोटं तो तिच्यासाठीच बोलला होता. तेच तिला जास्त लागलं. दिव्यानीचं नाव निघालं की तिचं सारं धैर्य विरघळून जाई. सहा वर्षं ती त्याच नावाआड लपली होती. पण आज त्या नावाबरोबर तिला एक मूठ दिसली, पोरीचा पाय धरून ठेवणारी.

शिपायानं निकेशचं नाव पुकारलं. तो वळण्याआधी दीपिका त्या वकिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी मी चालवत होती. माझं लायसन्स संपलेलं होतं. धूर होता आणि मी मागं पाहिलं."

वकिलांनी चष्मा काढला. ललिता उठून उभी राहिली, तिच्या तोंडातून एक शिवी अर्धी बाहेर आली आणि तिथंच थांबली. रुखमाबाई मात्र लेकीकडे पाहून एवढंच म्हणाली, "मी सांगून राह्यली होती ना?"

त्या दिवशी निकाल लागला नाही. दीपिकाचं प्रतिज्ञापत्र झालं, पोलिसांत नवा जबाब झाला, पुढची तारीख पावसाळ्यातली पडली. वकील म्हणाले, आता दावा उभा राहील बहुतेक. निकेशचं काय होईल, तिचं काय होईल, ते कोणी सांगत नाही. तो घरात जेवढ्यास तेवढं बोलतो. आणि वकिलांनी तिला ताकीद दिली आहे: निकाल लागेस्तोवर त्या बाईच्या गावाकडे फिरकायचं नाही, नाहीतर साक्ष पढवली म्हणतील.

निघताना ललितानं तिला एक गोष्ट सांगितली होती, आवाज न चढवता. त्या गावात घरागणिक मोहाचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. "मायच्यानं वाकवत नाई. सहा वर्षं झाली, फुलं पडतात अन् तशीच सडतात. तरी रोज जाऊन बसते काठी घेऊन, राखण करत. एकटी."

आता पुन्हा मोह गळतो आहे आणि दीपिकाला जाता येत नाही. म्हणून त्या बाजूला कोणी निघालं की ती त्याला गाठते. बसवाल्याला सांगते, मामाजींना फोन करते, आणि तुम्हालाही सांगते आहे: मुलचेऱ्याकडे जाणार असाल तर उन्हं वर आल्यावर निघा. माझ्या सासरच्या गावाआधीच्या शेवटच्या मोठ्या वळणाला गाडी अगदी धीरे घ्या. डाव्या हाताला सडकेला लागून मोह आहे. खाली काठी घेतलेली बाई दिसली तर ठीक. ती नसली आणि फुलं नुसती पडलेली असली, तर पुढं जाऊ नका. खाली उतरा, तिचं घर विचारा, आत डोकावून पाहा बाई बरी आहे का. कोणी पाठवलं ते सांगू नका. फक्त मला कळवा.