नेट अडकतंय

स्क्रीनवर मास्तरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि तिनं वहीत ‘नेट’ या शब्दापुढे आणखी एक रेघ ओढली.

“थांबा हं मास्तर. आमचं नेट परत अडकलं.”

“चालायचंच,” मास्तर दोन-तीन सेकंदांनी म्हणाले. सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा सैलावला.

गेल्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्यानं गणिताच्या या मास्तरांची वाचाच गेली होती. ती स्पीच थेरपिस्ट. घरातल्या मागच्या खोलीत बसून आठवड्यातून तीनदा त्यांना बोलतं करायची. एकेक अक्षर परत मिळवत दोघं इथवर आली होती. आता शाळेला आज संध्याकाळपर्यंत तिचं पत्र हवं होतं: सोमवारपासून मास्तर वर्गावर उभे राहू शकतील की नाही? नाही म्हटलं, तर त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि गेले तीन आठवडे हे मेलं नेट तिला त्यांचं एक वाक्य सलग ऐकू देत नव्हतं. मास्तर छान बोलायला लागलेत, याविषयी तिला शंका नव्हती. सगळं झेंगट नेटचं होतं.

अर्ध्या तासानं पुन्हा बसू, असं सांगून तिनं इंटरनेटवाल्याला फोन लावला. या वेळी त्यानं कधी नव्हे ते मनावर घेतलं.

“ताई, लाइन ठणठणीत आहे. तुमच्याच घरातून कोणीतरी सारखं काहीतरी वर पाठवतंय. सगळी वाट त्यानंच अडवलीय.”

फोन स्पीकरवर होता. दारात वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाई दचकल्या.

“अगंबाई! आपल्या घरातून कोण वर चाललंय?”

तिला हसू आवरेना. हसता हसताच तिची नजर सासूबाईंच्या नव्याकोऱ्या फोनवर गेली. तीन आठवड्यांपूर्वीच लेकानं हौसेनं घेऊन दिला होता. तिनं तो उघडून पाहिला. आठ हजार फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. निम्मे मांजरीच्या पिल्लांचे, उरलेले सासूबाईंच्या स्वतःच्याच अंगठ्याचे.

“आई, हा बॅकअप कोणी चालू केला?”

“मला काय ठाऊक बॅकअप की फिकअप! फोननंच विचारलं, सगळं जपून ठेवायचं का? म्हटलं, ठेव बाबा. जपून ठेवायला कोणी नाही म्हणतं का?”

“नाही म्हणत. पण आता हे रात्री चढू दे. दिवसा मला मास्तर ऐकू यायला हवेत.”

तिनं बॅकअप थांबवला आणि मास्तरांना पुन्हा फोन लावला. मास्तर स्क्रीनवर आले ते लख्ख, अगदी शर्टाची शिवण दिसेल इतके. शेजारी लहानसा फळा टेकवला होता. मागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता.

“आता होऊन जाऊ द्या मास्तर. मी तुमच्या वर्गातली मुलगी. मला भागाकार कळत नाही.”

मास्तरांनी खडू उचलला. “भागाकार म्हणजे वाटणी. समज, तुझ्याकडे...”

ते थांबले. सवयीनं तिचा हात वहीकडे गेला. पण मागचा पडदा हलतच होता. फुगत होता, पुन्हा खाली बसत होता. नेट कुठेही अडकलं नव्हतं. मास्तरांचा गळा तेवढा हलत होता, आणि आवाज येत नव्हता.

तीन आठवडे तिनं त्यांचा प्रत्येक थांबा नेटच्या माथी मारला होता. मास्तर सलग बोलतात, हेच तिला ऐकायचं होतं म्हणून. स्वतःचीच तिला लाज वाटली.

“नेट... अडकलं वाटतं तुमचं,” मास्तर म्हणाले.

हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही मास्तर. नेट आता नीट चाललंय.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. बराच वेळ ते बोटांना लागलेली पूड पुसत राहिले.

“मला माहीत होतं. पण तुम्ही म्हणायचात ना... आमचं नेट. बरं वाटायचं.”

“माझं चुकलं. मी नीट ऐकायला हवं होतं.”

“पत्रात काय... लिहिणार?”

“शिकवता येतं तुम्हाला. शब्द चुकत नाही, आकडा चुकत नाही. वेळ लागतो, एवढंच. तो कमी होईल की नाही, ते आज नाही सांगता येणार. वर्ग तेवढा थांबेल का, हे तुम्हालाच ठाऊक.”

मास्तर हसले. ओठाची उजवी बाजू मागेच राहिली.

“फळ्यापाशी पोर अडलं, की मी... दहा आकडे मोजायचो. मोठ्यानं. दहा झाले की, बस खाली. तीस वर्षं... हेच केलं.” त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. “लिहा, मास्तर येतील. पण ते थांबले तर... कोणी मोजायचं नाही.”

तिनं ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. तिला भरून आलं होतं आणि ते तिनं लपवलंही नाही.

“माझा भागाकार राहिलाय,” ती म्हणाली.

“हं. तुझ्याकडे बारा पेन्सिली आहेत. आणि मैत्रिणी...”

खोलीत काहीच ऐकू येईना. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सासूबाईंनी दारातून डोकं आत घातलं.

“परत अडकलं का गं?”

“नाही आई,” ती हळूच म्हणाली. “बोलताहेत ते.”